तिरकी रेघ

वॉटरफोर्ड, आयर्लंड
१८ जानेवारी २०२६

मेधा,

आजवर मी स्वतःच्या हातांनी बनवलेल्या वस्तू, सालवार:

१९८८. आईच्या शिलाई मशीनचा पायडल. मूळचा बिडाचा होता, तुटला तो जोडता येईना. लोखंडी पट्टीतून नवा केला.

१९९१. तुझं अभ्यासाचं टेबल. पॅकिंगच्या खोक्यांचं लाकूड, रंधा शेजारच्या सुतारांचा. वरच्या फळीला अकरा अंशांचा उतार, म्हणजे मान दुखू नये.

१९९४. भोसरीच्या कारखान्यात पहिली पूर्ण डाय, म्हणजे पत्रा कापायचा साचा, एकट्याने. पंच आणि डायमध्ये फट चार शतांश मिलिमीटर. साहेबांनी तीनदा मोजली आणि काही न बोलता निघून गेले. म्हणजे बरोबर होती.

१९९९. तुझ्या होस्टेलच्या ट्रंकेचं कुलूप. किल्ल्या दोन, एक अजून माझ्याकडे आहे.

२००९. या घरातलं चपलांचं कपाट. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. पहिल्या आठवड्यात नंदा हॉस्पिटलातली ड्युटी संपवून आली आणि म्हणाली, "प्रेसमध्ये कप ठेव." ज्या माणसाने अठरा वर्षं प्रेसवर पत्रा कापला त्याला काय वाटलं असेल ते तूच समज.

२०१२ ते ऑक्टोबर २०२५. हाडात बसवायचे स्क्रू मशीनवर घट्ट धरून ठेवणारी फिक्स्चर्स, एकूण एकशे चार. सगळ्यांचे नंबर माझ्या वहीत आहेत.

२०१८. शेजारच्या डेक्लनच्या फाटकाच्या बिजागऱ्या. आजतागायत करकरल्या नाहीत.

२०२१. नंदासाठी बाथरूममध्ये धरायचा दांडा. स्टेनलेस, बासष्ट सेंटिमीटर, चार स्क्रू.

२०२३. मंडळाच्या गणपतीचं मखर. घडीचं, एकही खिळा नाही.

परवा एका बाईंनी मला विचारलं, तुम्ही काय काय बनवलंय? मी घरी येऊन यादी केली. त्यांच्या कागदावर तीनच ओळींची जागा होती, म्हणून त्यांनी त्यातलं काहीच घेतलं नाही. यादी फुकट जाऊ नये म्हणून तुला पाठवतोय. तुला फोन करायचा होता, पण फोनवर तू "बरं आहे" म्हणतेस, मी "बरं आहे" म्हणतो आणि दोघं ठेवून देतो. आणि व्हॉट्सअॅपवर तू मला अंगठा दाखवतेस. त्यापेक्षा पत्र बरं.

इथे बाकी नेहमीचंच. पाऊस आहे. नंदाला जाऊन या महिन्यात चार वर्षं झाली. संकेतला नमस्कार सांग.

दादा

---

सनीवेल, कॅलिफोर्निया
९ फेब्रुवारी २०२६

ती. दादा,

यादी दोनदा वाचली. टेबलाबद्दल एक गोष्ट तुला माहीत नाही. अकरा अंशांच्या उतारावरून माझी पेन्सिल रोज घरंगळून खाली पडायची. शेवटी मी आईकडून एक दोरा घेऊन पेन्सिल टेबलाला बांधली होती. तू विचारलंस तेव्हा मी म्हणाले, हरवू नये म्हणून. पस्तीस वर्षांनी कबूल करते.

त्या टेबलावर तू मला स्कॉलरशिपचा फॉर्म भरायला शिकवलंस, तेही आठवलं. "रकाना रिकामा ठेवायचा नाही. लागू नसेल तर तिरकी रेघ मारायची, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की तू विसरलेली नाहीस, तुझ्याकडे ते नाही." वडिलांच्या उत्पन्नाच्या रकान्यात मी मारलेली पहिली तिरकी रेघ तू खोडरबरने पुसलीस आणि परत मारायला लावलीस, कारण ती वाकडी आली होती. आणि त्याच महिन्यात तू शाळा सोडलीस ते मला पुढे कितीतरी वर्षांनी कळलं.

आता फॉर्मचाच प्रश्न आहे, म्हणून तुलाच विचारते. माझ्या ओळखीत एक बाई आहेत. गेल्या वर्षी जूनमध्ये त्यांची नोकरी गेली. कॅलिफोर्नियाकडून त्यांना बेकार भत्ता मिळत होता, दर आठवड्याला. मग मधेच त्या दुसऱ्या राज्यात राहायला गेल्या, नॉर्थ कॅरोलायनामध्ये, आणि भत्ता कॅलिफोर्नियाचाच चालू राहिला, डिसेंबरपर्यंत. आता कराचा फॉर्म भरायचाय. त्यावर राज्याचा कर कोणाला द्यायचा, जुन्या की नव्या? त्यांनी दोन जणांना विचारलं, दोघांनी दोन उत्तरं दिली. तू म्हणशील, अमेरिकेतला कर मला काय माहीत. पण तू सूचना शेवटपर्यंत वाचतोस. इतर कोणी वाचत नाही.

मी बरी आहे. काम फार आहे.

तुझी,
मेधा

---

वॉटरफोर्ड
२ मार्च २०२६

मेधा,

पेन्सिलीसाठी खाच करायला हवी होती. ती चूक माझी. दोरा हा उपाय नव्हे.

तुझ्या ओळखीच्या बाईंचं उत्तर. मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी लायब्ररीत बसून दोन्ही राज्यांच्या सूचना वाचल्या, तळटिपांसकट. पैसे कोणत्या राज्याने दिले याला इथे महत्त्व नाही. पैसे हातात पडले तेव्हा बाई कुठे राहत होत्या याला आहे. कॅलिफोर्निया या पैशांवर आपला कर लावतच नाही, त्यामुळे जुन्या घरी असताना मिळाले त्यावर राज्याचं काही नाही. नॉर्थ कॅरोलायना लावतं. म्हणजे तिथे राहायला गेल्याच्या तारखेपासून डिसेंबरपर्यंत जेवढे आठवडे मिळाले तेवढ्यावर तिथला कर. केंद्राचा कर सगळ्यावरच आहे, तो वेगळा. कॅलिफोर्नियाकडून जो कागद येईल त्यावर वर्षाची एकच रक्कम असेल. ती आठवड्यांप्रमाणे फोडावी लागेल, आणि म्हणून तारीख नेमकी हवी. त्यांना विचार, तुम्ही राहायला नक्की कधी गेलात? राहायला म्हणजे पहिल्यांदा तिथे निजलात ती तारीख. पत्ता बदलला ती नव्हे, लोकांना सांगितलंत ती तर नव्हेच.

आता दुसरं. तू भत्ता असा शब्द वापरला आहेस. तो खोड. भत्ता मालक देतो, धुलाईचा, सायकलचा, आणि मनात आलं की बंद करतो. इथे आमच्याकडे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक अलाउन्स. तो तुमची गरज बघून देतात, बँकेचं पुस्तक तपासून, आणि त्यावर कर नसतो. त्याला भत्ता म्हण. दुसरं बेनिफिट. ते तुम्ही वर्षानुवर्षं दर आठवड्याला पगारातून कापून दिलेलं असतं म्हणून मिळतं, आणि त्यावर कर असतो. कर आहे याचा अर्थ ते उत्पन्न आहे. उत्पन्न म्हणजे कमावलेलं. ज्या माणसाच्या पैशावर सरकार कर लावतं त्याला फुकट खातो असं कोणी म्हणू शकत नाही, बेकार तर नाहीच नाही. माझ्या ओळखीत एक गृहस्थ आहेत इथे, त्यांना लोक "डोलवर आहे" म्हणतात, म्हणजे सरकारी पैशावर बसून खातो. त्यांनी तेरा वर्षांत एक दिवस खाडा केलेला नाही. हा शब्द कोणी वापरला की कान तापतात.

तुझ्या पाकिटावर पत्ता सनीवेलचा आहे आणि पोस्टाचा शिक्का रॅली, नॉर्थ कॅरोलायनाचा. कंपनीने पाठवलं होतं वाटतं तिकडे. एवढ्या लांब पाठवतात म्हणजे तुझ्यावाचून त्यांचं अडत असणार. बरं वाटलं.

डेक्लन म्हणतो, सगळं ग्रँड आहे, म्हणजे इथल्या बोलीत ठीक. त्याचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हाही ग्रँड होतं.

दादा

---

३० मार्च २०२६

ती. दादा,

उत्तर मिळालं. अगदी बरोबर निघालं. बाईंनी तसा फॉर्म भरला. त्या २३ ऑगस्टला गेल्या, शनिवारी. सामान दुपारी चारला आलं, पण गादी आली नव्हती, म्हणून पहिल्या रात्री त्या सतरंजीवर निजल्या. तू म्हणालास तीच तारीख धरली.

त्यांना एक गोष्ट फार आवडली. कर आहे म्हणजे कमावलेलं आहे, ही. कर भरताना त्यांना पहिल्यांदा लाज वाटली नाही म्हणे.

आता मी विचारते. ओळखीच्या माणसासाठी कोणी इतकं चिडत नाही, दादा. मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी तू लायब्ररीत काय करत होतास? आणि यादीत "२०१२ ते ऑक्टोबर २०२५" का लिहिलंस? तू "आजपर्यंत" लिहिलं असतंस. खोटं लिहिताना तुला महिना चुकवता आला नाही.

यादी मागणाऱ्या त्या बाई कोण होत्या?

मेधा

---

वॉटरफोर्ड
६ मे २०२६

मेधा,

पाच आठवडे लावले. तीन वेळा लिहून फाडलं.

त्या बाई बेनिफिटच्या ऑफिसातल्या. चांगल्या आहेत, तरुण आहेत, प्रत्येक वेळी चहा विचारतात. पण त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये माझ्या कामाचं नाव निवडायचं होतं आणि यादीत टूलमेकर नव्हता. "मशीन ऑपरेटर चालेल का?" म्हणाल्या. मी म्हणालो, ऑपरेटर मशीन चालवतो, मी ते ज्याच्यावाचून चालत नाही ते बनवतो. त्या म्हणाल्या, मग "इतर". तर मी आता "इतर" आहे.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार. टूलरूम बंद करून दुसऱ्या कारखान्यात नेली. आम्ही सात जण. सहा जण पंचावन्नच्या पुढचे, पेन्शन मिळणार म्हणून त्यांनी पबमध्ये जाऊन साजरं केलं. मीही गेलो. लिंबूपाणी घेतलं. सगळ्यांनी पाठीवर थाप मारली, आणि सोमवारी सकाळी मी सहा चाळीसला डबा घेऊन बाहेर पडलो, कारण डेक्लन त्याच वेळी कुत्रा घेऊन फाटकात उभा असतो. तो रोज म्हणतो, "ऑफ टु वर्क, ग्यान?" ज्ञानेश त्याच्या जिभेला जमत नाही. मी मान हलवतो. सहा महिने मान हलवतोय. बसने ट्रॅमोरला जातो, समुद्रासमोर बाकावर बसतो, लायब्ररी उघडली की परत येतो. डबा बारा वाजता खातो, पूर्वीसारखा. मंडळाच्या पाडव्याला वेदांत म्हणून एक पोरगा भेटला, सॉफ्टवेअरचा, नागपूरचा. म्हणाला, "काका, अजून त्याच कंपनीत? तुमच्या पिढीची कमाल आहे." मी हो म्हणालो. त्याने मला जिलेबी वाढली. दुसरी घेतली नाही.

हे झालं माझं.

आता तुझं. दुसऱ्या पाकिटावर तू पत्ताच लिहिला नाहीस, शिक्का पुन्हा रॅलीचा. दोन महिन्यांत दोनदा एकाच गावाला कंपनी पाठवत नाही. आणि ओळखीच्या बाईंचं सामान दुपारी चारला आलं, गादी आली नव्हती, सतरंजीवर निजल्या. मेधा, हे त्या बाईंनी तुला सांगितलं असेल, पण तू मला कशाला लिहिशील? सतरंजी आईची, निळ्या पट्ट्यांची, ती तुझ्याकडेच आहे.

तुझी लाज वाटावी असं तू काही केलेलं नाहीस. माझ्याकडून हे तुला आधी कळलं असतं, तर तू गादीसाठी तरी फोन केला असतास.

एक ठरवू. यापुढे दोघांनी काही लपवायचं नाही. चांगलं, वाईट, जे असेल ते, आकड्यासकट. कबूल असेल तर खरा पत्ता लिही.

दादा

---

केरी, नॉर्थ कॅरोलायना
१ जून २०२६

दादा,

कबूल. खरा पत्ता वर लिहिला आहे. पाकिटावरही.

संकेत आणि मी गेल्या वर्षी मार्चपासून वेगळे आहोत. भांडण नाही. एका घरात दोन माणसं आपापली जेवणं गरम करत होती, एवढंच. जूनमध्ये माझी टीम गेली, तीस जण, एका मीटिंगमध्ये, अकरा मिनिटांत. सनीवेलचं भाडं एकटीला परवडेना. इथे निम्मं आहे. आता एका कॉलेजच्या ऑफिसात काम करते, फीचे हिशेब बघते. पगार कमी आहे, विमा मिळतो. तुला सांगवत नव्हतं, कारण तू भोसरीत सगळ्यांना सांगत होतास, माझी बहीण अमेरिकेत इंजिनियर आहे. तुझ्या यादीत मी नाहीये, पण असायला हवी होते, आणि तू बनवलेली वस्तू बिघडली हे कुठल्या तोंडाने सांगू?

आता आकड्यासकट. ८ सप्टेंबरला, मंगळवारी, माझं ऑपरेशन आहे. गर्भाशय काढायचं आहे. गाठी आहेत, कॅन्सर नाही, दोनदा तपासलं. हे मी तुला लिहिते आहे याचं मलाच नवल वाटतंय. वहिनी असती तर तिला सांगितलं असतं आणि तिने तुला "पोटाचं काहीतरी" एवढंच सांगितलं असतं.

हॉस्पिटलने फॉर्म दिला, चार पानांचा. सगळं भरलं. तिसऱ्या पानावर एक रकाना होता: ऑपरेशननंतर तुम्हाला घरी कोण नेणार, नाव, नातं, फोन. टॅक्सी चालत नाही असं खाली लिहिलं आहे. माणूस हवा. मी बराच वेळ पेन धरून बसले. मग तू शिकवलंस तसं केलं. तिरकी रेघ मारली. विसरलेले नाही, माझ्याकडे ते नाही.

तू यावंस म्हणून लिहीत नाही. ठरलं होतं म्हणून लिहिलं.

मेधा

---

वॉटरफोर्ड
२४ जून २०२६

मेधा,

पत्र मिळालं. संकेतबद्दल वाईट वाटलं. मला तो कधी कळला नाही, पण तो तुला हसवायचा.

ऑपरेशनची नीट चौकशी करून घे. नंदा म्हणायची, भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी भेटावं. घरी नेण्यासाठी शेजारी कोणी असेल तर विचारून बघ. कॉलेजात कोणी असेल. हॉस्पिटलांकडे अशी माणसं पुरवणाऱ्या संस्थांची यादी असते, मागून घे.

मी आलो असतो. पण इथे एक गोष्ट चालू आहे. डेक्लनचा मेव्हणा कंपनीच्या स्टोअरमध्ये आहे. तो म्हणतो, नव्या कारखान्यात माझी फिक्स्चर्स नेली खरी, पण कोणतं कशानंतर लावायचं ते कोणालाच उमगत नाही. एकशे चार आहेत, आणि क्रम माझ्या वहीत आहे. माझं नाव निघतंय म्हणे मीटिंगमध्ये. बोलावणं केव्हाही येईल. मी इथून हललो आणि तेव्हाच फोन आला तर?

शिवाय बेनिफिट ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात संपतं. संपल्यावर जे मिळतं तो खरोखरचा भत्ता, गरज बघून, बँकेचं पुस्तक उघडून. त्या बाईंनी फॉर्म दिला आहे. मी तो भरणार नाही. त्याआधी बोलावणं यायला हवं. मला कंपनीच्या दारातून परत आत जायचं आहे, मेधा. एकदा तरी.

तू समजून घेशील.

दादा

---

केरी
१६ जुलै २०२६

दादा,

समजलं.

शेजारी एक आजोबा आहेत. त्यांना डोळ्यांनी फारसं दिसत नाही, त्यांच्या गाडीने घरी येण्यापेक्षा मी चालत येईन. कॉलेजातली स्मृती म्हणून मुलगी आहे, तिचं बाळ दोन महिन्यांचं. तिला विचारलं नाही.

हॉस्पिटल म्हणतं, कोणी नसेल तर तारीख पुढे जाईल, कोणी मिळेपर्यंत. बघू.

फॉर्म अजून माझ्याजवळच आहे. रेघ सरळ आली आहे. म्हणजे तिरकी, पण सरळ. तू पुसली नसतीस.

तुला बोलावणं येवो.

मेधा

---

वॉटरफोर्ड
९ ऑगस्ट २०२६

मेधा,

तुझं पत्र २७ जुलैला आलं. त्या दिवशी मी ट्रॅमोरला गेलो नाही. सहा चाळीसला बाहेर पडलो, डेक्लन फाटकात होता. "ऑफ टु वर्क, ग्यान?" म्हणाला. मी म्हणालो, नाही, नऊ महिने झाले, काम नाही. त्याने कुत्र्याचा पट्टा हातावर गुंडाळला. मग म्हणाला, "मला माहीत आहे रे. तुझा डबा आमच्या गल्लीतला सगळ्यात फिरलेला डबा आहे." मग म्हणाला, चहाला ये. गेलो. सतरा वर्षं शेजारी राहतो, त्याचं किचन आतून पहिल्यांदा पाहिलं. त्याच्या प्रेसचं एक दार लोंबतंय. मी स्क्रू ड्रायव्हर मागितला.

मग तो म्हणाला, "घरी कोणी आहे का तुझं?" मी म्हणालो, बहीण आहे. आणि हे म्हणताना मला तुझा रकाना दिसला.

नंदाला शेवटच्या वेळी हॉस्पिटलातून घरी आणलं, तेव्हा तिच्याच वॉर्डातल्या नर्सने मला असाच एक कागद दिला होता. घरी कोण नेणार? मी नाव, नातं, फोन, सगळं ठसठशीत लिहिलं. नर्स म्हणाली, इतकं नीट कोणी लिहीत नाही. मेधा, माझ्या सगळ्या फॉर्मांमध्ये तो एकच रकाना असा होता की जो भरताना मी विचार केला नाही. आणि तू पेन धरून बसली होतीस, आणि मी तुला संस्थांची यादी मागायला सांगितली.

तिरकी रेघ म्हणजे आपल्याकडे ते नाही. तू मारलीस ती रेघ चुकीची आहे. सरळ असली तरी चुकीची आहे. त्यावर खाडाखोड करू नकोस, कोणी खाडाखोड वाचत नाही. नवा फॉर्म माग आणि असं लिही: नाव, ज्ञानेश विठ्ठल तापकीर. नातं, थोरला भाऊ. फोन माझाच, देशाच्या आकड्यासकट, तोच तिथेही चालू राहील.

तिकीट काढलं आहे. ३ सप्टेंबर, गुरुवार, डब्लिनहून बॉस्टन, तिथून रॅली. संध्याकाळी सात पन्नासला पोहोचतो. आयरिश पासपोर्टवर नव्वद दिवस राहता येतं. मी २० नोव्हेंबरला परत निघेन, म्हणजे बारा दिवस शिल्लक ठेवले. डॉक्टर सहा आठवडे वजन उचलू देणार नाहीत. दूध-भाजीच्या तुझ्या दोन पिशव्या मी उचलेन. तिकडे गाडी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने चालवतात. ट्रॅमोरच्या रिकाम्या पार्किंगमध्ये मी रोज सकाळी तासभर डेक्लनच्या गाडीने तशी चालवून बघतो. तो शेजारी बसून डोळे मिटतो आणि म्हणतो, ग्रँड.

बाथरूममधला दांडा काढला. बासष्ट सेंटिमीटर, बॅगेत तिरका बसतो. भिंतीत चार भोकं राहिली आहेत. ती बुजवायला घेतली होती, मग राहू दिली. तुझ्या बाथरूमची भिंत कशाची आहे ते कळव, म्हणजे स्क्रू त्याप्रमाणे आणतो. ट्रंकेची किल्लीही आणतोय. ट्रंक आहे ना अजून?

ऑफिसातल्या बाईंना जाऊन सांगितलं, माझं बेनिफिट संपलं आणि पुढचा फॉर्म मी भरणार नाही, मी देशाबाहेर चाललो आहे. त्यांनी विचारलं, काम मिळालं का? मी म्हणालो, हो. कसलं? मी म्हणालो, इतर. त्या हसल्या.

लपवायचं नाही असं ठरलं आहे, म्हणून शेवटचं एक.

बोलावणं आलं. गेल्या मंगळवारी. कंपनीचे दोघे जण डब्लिनला आले होते, बॉल्सब्रिजमधल्या एका हॉटेलात भेटलो. मी सकाळच्या बसने गेलो, वही घेऊन. त्यांनी वही उघडली. साहेबांनी तीनदा पानं उलटली. मी भोसरीत असल्यासारखा उभा होतो. मग त्यांनी कागद पुढे केला. ७ सप्टेंबरपासून, सोमवार, त्या दिवशी मशीन सुरू करायची आहेत आणि माझ्याशिवाय होत नाहीत. मी विचारलं, २३ नोव्हेंबरपासून आलो तर? ते म्हणाले, तोवर आम्ही दुसरा शोधू. मी एकदाच विचारलं. दुसऱ्यांदा विचारायची माझी पद्धत नाही.

मी म्हणालो, आठ तारखेला मला एका फॉर्मवर सही करायची आहे.

"एका फॉर्मसाठी?" त्यांनी विचारलं.

हो म्हणालो. वही मात्र त्यांच्याकडे ठेवून आलो. स्क्रू माणसांच्या हाडात जातात, ते वाकडे निघायला नकोत.

परतीच्या बसमध्ये लिहायला फळी असलेली जागा मिळाली, तिथेच हे टिपून ठेवलं होतं. तसंच उतरवतो.

नाकारलेली जागा: टूलरूम प्रमुख, कायम. यादीत नाव टूलमेकर, इतर नव्हे. रक्कम: वर्षाला एकसष्ट हजार चारशे युरो, करापूर्वी.

दादा